छपरावर बोलणारे मिस्त्री

आमच्या मिस्त्रींशी बोलायचं तर मान वर करावी लागे. ते कुणी मोठे होते म्हणून नव्हे, जमिनीवर ते बोलतच नसत म्हणून. खाली असले की 'हं', 'उंहूं' आणि हाताच्या दोन-चार खुणा, एवढ्यावर सगळा कारभार. पण शिडी संपून पाय एकदा पत्र्याला लागला की हे थांबता थांबायचे नाहीत. कामाची बोलणी, मुदत, तक्रारी, गावगप्पा, सगळं वरून खाली यायचं आणि ऐकणाऱ्याची मान आखडून जायची. माझ्या नवऱ्याने एकदा त्याच्या गावच्या घरी सरळ अंगणात बाज टाकली आणि आडवं होऊन त्यांच्याशी व्यवहाराचं बोलणं केलं. मिस्त्रींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

भीमेच्या अलीकडे-पलीकडे, शिरूर आणि दौंड अशा दोन्ही तालुक्यांत ते छपरांची कामं घेत. मुलगा शिरूरला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. यांना मात्र खाली बसून करायचं कुठलंच काम मानवत नसे. गोठे, पोल्ट्रीच्या शेड, जुनी कौलारू घरं, जिथं कुठं वर चढता येईल तिथं ते. शिडीपाशी चपला काढून ठेवायचे, त्याही रस्त्याकडे तोंड करून. त्या कुणी हलवल्या तर वरून आरडाओरडा व्हायचा. मोबाइल होता, पण तो शिडीला टांगलेल्या पिशवीत. वाजून वाजून आपोआप गप्प बसायचा. मिस्त्री हवे असतील तर ते ज्या छपरावर असतील त्या छपराखाली जाऊन उभं राहायचं, दुसरा मार्ग नव्हता.

जुनं छप्पर उघडायला लागले की पहिला शब्द शिवीचा. आधीच्या कारागिराला ते कधीच सोडायचे नाहीत. नवऱ्याच्या गावी आमच्या शेजारच्या काकूंच्या पडवीवर चढले तेव्हा म्हणाले, "कुठल्या गाढवानं मारल्यात हे खिळे?"

"मिस्त्री, तुम्हीच की ओ. आमच्या लग्नाच्या साली."

"तवा मी गाढवच व्हतो," असं म्हणून त्यांनी खिळे उपटायला घेतले.

खाली का बोलत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. अर्थात ते वर असताना. म्हणाले, "खाली समदीच बोलत्यात, ताई. कोण काय बोलतंय त्याचं काय खरं हाय? वर खोटं बोलाय गेलं की पाय घसरतो." हे त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की थट्टा होती की काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

मी दौंडला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. आई न्हावऱ्याला एकटी राहायची. तीन खोल्यांचं कौलारू घर. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि आमच्या वस्तीत कौलाचं पहिलं घर त्यांनी बांधलं. त्या वेळी माणसं मुद्दाम बघायला आली होती, असं आई सांगायची. मधल्या खोलीला दोन्ही बाजूंनी खोल्याच, खिडकी काढायला जागा नव्हती. म्हणून वडिलांनी तिथं मातीच्या कौलांत एक काचेचं कौल बसवलं. त्यातून दिवसभर एक कवडसा खोलीत फिरायचा. सकाळी पत्र्याच्या ट्रंकेवर, दुपारी जात्यापाशी जमिनीवर आणि उन्हं कलली की समोरच्या भिंतीतल्या फडताळावर.

आईला अलीकडे विसरायला होत होतं. नर्स असल्यामुळे मला त्या आजाराचं नाव ठाऊक होतं, आणि नाव ठाऊक असून काही उपयोग नसतो हेही. घड्याळ तिला वाचता येईना. काटे दिसायचे, पण त्यांचं काय करायचं ते सुचायचं नाही. कवडसा मात्र कळायचा. म्हणून मी तिची ब्लडप्रेशरची सकाळची गोळी डबीत घालून ट्रंकेवर ठेवली आणि संध्याकाळची फडताळात. कवडसा डबीवर आला की आई गोळी घ्यायची. जात्यापाशी आला की जेवायची. आईच्या शेजारच्या वहिनी रोज तिन्हीसांजेला दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या डब्यांत भरून ठेवायच्या आणि ढगाळ दिवशी हाक मारायच्या. एवढ्या आधारावर आई स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने सगळं करत होती.

मधे महिनाभर मी तिला दौंडला माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. तिथं ती दिवसभर दाराशी गाठोडं घेऊन बसायची. "चल ना, घरी जाऊ," एवढंच. एकदा जिन्यात सापडली, अनवाणी, कठड्याला घट्ट धरून. मला बघून म्हणाली, "बाई, न्हावऱ्याची गाडी हितंच लागती ना?" मला तिने ओळखलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी तिला न्हावऱ्याला पोचवलं. दारात पाऊल टाकताच तिने मला नावाने हाक मारली आणि चहा ठेवायला गेली. मी ओट्यावर बसून रडले.

तर अशा त्या घराचे वासे वाळवीने खाल्ले. मागच्या खोलीचं छप्पर खाली वाकलं. पुण्याच्या भावाने निक्षून सांगितलं, "पावसाच्या आत छप्पर झालं तर ठीक. नाहीतर मी आईला घेऊन जातो." तो वाईट मनाने बोलत नव्हता. छप्पर अंगावर येईल ही भीती त्याला होती, मलाही होती. पण आईला त्या घरातून हलवलं की आई राहणार नाही, आईचं नुसतं अंग राहील, हे मी जिन्यात बघितलं होतं.

मिस्त्री तेव्हा भांडगावला एका गोठ्यावर होते. मी ड्यूटी संपवून तशीच गेले. गाईंच्या मधून वाट काढत गोठ्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि वर बघून ओरडले, "मिस्त्री, न्हावऱ्याला आईचं घर आहे. कौलं उतरवून पत्रा घालायचाय."

"घरात कोण ऱ्हातं?"

"आई."

"आन्?"

"एकटीच असते."

हातोडा थांबला. मिस्त्री कडेला आले, उकिडवे बसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "एकल्या माणसाच्या छपराचं काम येगळं असतंय, ताई. गळाय लागलं तर खाली भांडं लावायला दुसरं कुणी न्हाई. यीन मी."

"कधी?"

"हे झालं की."

"हे कधी होईल?"

"ते ह्या गायींना इचारा. ह्यांनीच मला आज दुपारपतुर शिडी लावू दिली न्हाई."

आले मात्र बोलल्याप्रमाणे. आल्या आल्या त्यांनी सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि एकेका खोलीत जमिनीवर उताणे पडून छप्पर बघत राहिले. ही त्यांची पद्धतच होती. अंधार केला की जिथं जिथं फट असेल तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. आई त्यांच्या उशाशी उभी राहून विचारत होती, "दादा, बरं न्हाई का? पाणी देऊ?" मिस्त्री म्हणाले, "उंहूं."

मग वर चढले आणि लगेच सुरू झाले. "ताई, वासे समदे गेले. कौलाचं वजन आता हे पेलत न्हाईत. लोखंडी पाइप घालून पत्राच मारावा लागंल. आन् हे मधल्या खोलीत एकुलतं एक काचंचं कौल कुठल्या चिक्कू माणसानं बसवलं?"

आतून आईचा आवाज आला, "माज्या मालकानं!"

मी हसू आवरून म्हटलं, "मिस्त्री, तिथला उजेड तेवढा राहिला पाहिजे. आईचं सगळं त्यावर चालतं."

"ठिवतो की. अंधारात माणूस लौकर म्हातारं व्हतंय. मी कुणाच्या घरात अंधार ठिवत न्हाई."

कौलं उतरली त्या दिवशी आईला शेजारी नेऊन बसवावं असं मी म्हटलं, तर वरून सक्त मनाई झाली. "घर उघडं पडल्यावर आत माणूस पायजेच. माणूस न्हाई म्हणल्यावर ते घर हाय का भिताडं हायती, कसं वळखायचं?" असलं कुठल्या शास्त्रात आहे ते त्यांनाच ठाऊक. शेवटी आई मधल्या खोलीत बाजेवर छत्री घेऊन बसली. डोक्यावर छप्पर नाही, सगळं आभाळ घरात आलेलं. "आज लईच उजाडलंय गं," ती मला म्हणाली. मिस्त्रींचा चहा किटलीत घालून दोरीने वर जायचा. छप्पर उघडं असेपर्यंत ते जेवत नसत. काचेचं कौल त्यांनी स्वतः खाली आणलं आणि काही न बोलता आईच्या मांडीवर ठेवलं. आईने ते पदराने पुसलं आणि ट्रंकेत, वडिलांच्या कोटाखाली, ठेवून दिलं.

काम झालं ते बघण्यासारखं झालं. सरळ ओळीत बसवलेला निळा पत्रा, एक बोल्ट इकडचा तिकडे नाही. आणि मधल्या खोलीवर मिस्त्रींनी आपल्या मनाने एक अख्खा लांबचा लांब फायबरचा पत्रा टाकला होता. आरपार उजेड देणारा. वरून हात फिरवून दाखवत म्हणाले, "बगा ताई, एका कौलाच्या जागी म्हातारीला उजेडच उजेड केलाय!" त्यांचं तोंड आनंदाने फुललं होतं. त्यांनी जे दिलं ते त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं देणं होतं. मीही आधी हरखलेच. इतकी वर्षं अंधारी असलेली ती खोली झगझगत होती.

दोन-चार दिवसांत काय झालंय ते कळलं. कवडसा गेला होता. सगळीकडे सारखाच उजेड, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, भिंतीवर, जमिनीवर, ट्रंकेवर, फडताळावर. आई ट्रंकेसमोर बसून राहायची. वहिनी विचारायला गेल्या की म्हणायची, "अजून सकाळच हाय ना?" जेवण तसंच पडून राहायचं. एके दिवशी तिने सकाळच्या डबीतलीही गोळी घेतली आणि फडताळातलीही, आणि पुन्हा सकाळ झाली समजून वहिनींनी भरून ठेवलेली दुसऱ्या दिवसाचीही. वहिनींचा फोन आला तेव्हा ती चक्कर येऊन जात्यापाशी पडली होती. मी मिळेल त्या गाडीने पोचले. पाय उशीवर उंच करून, प्रेशर परत परत मोजत मी तिच्याजवळ बसून राहिले. भावाला कळवावंच लागलं. तो म्हणाला, "बस झालं आता. रविवारी गाडी घेऊन येतो."

मी मिस्त्रींना शोधायला निघाले.

ते खुटबावला एका पोल्ट्रीच्या शेडवर होते. खाली कोंबड्यांचा कलकलाट, वर मिस्त्री. मी ओरडून सांगितलं, उजेड फार झालाय, तो कमी करा. मिस्त्री भडकलेच. "उजेड कमी कर म्हणत आलेली पयली बाई तुमीच! जलम गेला माजा छपरावर. लोक अजून दोन फायबर टाका म्हणत्यात, आन् तुमी..."

"मिस्त्री, आई पडली," मी म्हटलं. "तिला वेळ कळत नाही. एका कौलाएवढा कवडसा फिरायचा, त्यावर ती गोळ्या घेत होती. तो आता राहिला नाही. रविवारी भाऊ तिला घेऊन जाणार."

मिस्त्री शिडीवरून उतरले, चपला पायात घातल्या आणि माझ्या पुढे चालू लागले. अर्धवट राहिलेल्या शेडचा मालक मागून हाका मारत होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

न्हावऱ्याला पोचल्यावर ते मधल्या खोलीत गेले आणि आईच्या बाजेशेजारी जमिनीवर उताणे झाले. सगळी दुपार तसेच पडून होते. फायबरमधून येणाऱ्या त्या सपाट उजेडाकडे बघत. आई बाजेवरून त्यांच्याकडे बघत होती. मी दारात उभी होते. आईने हळूच विचारलं, "दादा, आता काय झालं असंल? सकाळ का सांज?"

मिस्त्री उठून बसले. त्यांनी वर बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. त्यांनाही सांगता येत नव्हतं. आणि मग जमिनीवर मांडी घातलेली असताना ते बोलले. आवाज इतका बारीक, की दुसऱ्याच कुणाचा वाटावा.

"आक्का, माजं चुकलं."

आई म्हणाली, "असू दे. च्या घ्या."

जमिनीवर बोललेलं त्यांचं मी ऐकलेलं वाक्य तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते भिजवलेली पोती, डांबराचा डबा आणि ब्रश घेऊन हजर. ट्रंकेतलं काचेचं कौल खुणेने मागून घेतलं. वर चढले, सगळा फायबर पोत्यांनी झाकून टाकला आणि कौलाएवढीच जागा उघडी ठेवली. ऊन वर आलं. खोलीत अंधार झाला आणि त्या अंधारात, चुलीच्या खोलीकडच्या भिंतीवर, एक कवडसा पडला.

"आक्का, हितंच पडत व्हता का?" वरून आवाज आला. आता तो त्यांचा नेहमीचा आवाज होता.

आई बाजेवर ताठ बसली होती. तिने मान हलवली. मी ओरडले, "नाही म्हणतेय."

"मग कुठं, इचारा त्यांना."

मला वाटलं, संपलं. जिला काल जेवलो की नाही हे आठवत नाही, ती काय सांगणार? पण आईने काठी उचलली आणि ट्रंकेच्या कडीवर टेकवली. "आधी कडीवर पडायचा. मंग झाकणावर सरकायचा. जरा हिकडं घ्या म्हणावं."

वर पोती सरकली. कवडसा भिंतीवरून खाली उतरला, थरथरला, पुढे आला.

"अजून जरा."

पुन्हा सरकली.

"आं, लई झालं. मागं घ्या."

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी मधे उभी राहून आईचं वर आणि मिस्त्रींचं खाली पोचवत होते. शेवटी तर माझी गरजच उरली नाही. ती दोघं पत्र्याच्या दोन बाजूंनी एकमेकांशी परस्पर बोलायला लागली. "हां, दादा," आई एकदम म्हणाली. "हितंच. हेच ते." कवडसा ट्रंकेच्या कडीवर पडला होता. आई उठली, डबी उघडली, गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्यायली. कुणी सांगितलं नव्हतं. वर मिस्त्री कौल जागेवर ठेवून त्याच्याभोवतीचा फायबर डांबराने काळा करत होते आणि कुठल्याशा गोठ्याच्या मालकाला शिव्या देत होते. मला तो आवाज त्या दिवशी जगातला सगळ्यात गोड आवाज वाटला.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. मी त्याला काही समजावलं नाही. म्हटलं, आजचा दिवस नुसता बस. तो बसला. कवडसा सरकत जात्यापाशी गेला तेव्हा आईने ताट वाढून घेतलं, त्यालाही वाढलं. फडताळावर चढला तेव्हा तिने गोळी घेतली. भावाने उठून दोन्ही डब्या उघडून पाहिल्या आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. अंधार पडायच्या आत तो एकटाच पुण्याला परत गेला.

त्यानंतर आई त्या घरात राहिली, तिच्या मनासारखी, अगदी शेवटपर्यंत. गेल्या थंडीत ती गेली. विहारात वंदना झाली, पाहुणे परतले, आणि माझ्या मनात आलं की मिस्त्रींना सांगायला हवं. फोनवर ते मिळणारे नव्हतेच. कुठल्या छपरावर आहेत ते विचारायला मी शिरूरला मुलाच्या दुकानात गेले. मुलाने मान खाली घातली. "आप्पा घरीच हायेत, ताई. अंगावरनं वारं गेलं."

मुलाने नवं घर बांधलं होतं, पक्क्या स्लॅबचं. मिस्त्री आतल्या खोलीत कॉटवर उताणे पडले होते. उजवी बाजू गेलेली. डोळे वर लागलेले, पण वर गुळगुळीत, रंगवलेला स्लॅब. एक फट नाही, एक ठिपका नाही. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. पण बोलले नाहीत. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मामा दवाखान्यातनं आल्यापास्नं एक सबूद बोलले न्हाईत. डॉक्टर म्हणत्यात वाचा गेली न्हाई. मग बोलत का न्हाईत?"

मला हसूच आलं; खाली हे कधी बोलत होते? मी म्हटलं, "त्यांना गच्चीवर न्या."

दोघं माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. पण मी नर्सच्या आवाजात बोलले, आणि त्या आवाजापुढे माणसं सहसा वाद घालत नाहीत. मुलाने आणि शेजारच्या एकाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. मी त्यांची मान धरून होते. गच्चीवर वारा होता. सगळीकडे पत्रे, टाक्या, शेड आणि लांबवर उसाची शेतं. मिस्त्रींनी डोळे बारीक केले, इकडून तिकडे नजर फिरवली. ओठ हलले.

"ती... शेड," शब्द घसरत होते, पण कळत होते. "कुठल्या गाढवानं..."

"आप्पा, तुमीच मारलीय ती," मुलगा म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला. सून जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली.

मिस्त्री बराच वेळ ती शेड बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "आक्का?"

"गेली, मिस्त्री."

"कुठं?"

"घरातच. मधल्या खोलीत, बाजेवर. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा नुकतीच गेली होती."

त्यांनी डावा हात उचलला, बोटं हवेत जराशी फिरवली. मला कळलं ते काय विचारतायत.

"ट्रंकेवर होता," मी म्हटलं. "कडीच्या जरा पुढे, झाकणावर."

"आन्... गोळी?"

"घेतलेली होती. डबी रिकामी होती."

मिस्त्रींनी मान हलवली. वारा त्यांच्या अंगावरच्या चादरीत शिरत होता, मी ती त्यांच्या खांद्यावरून नीट केली. काही वेळाने त्यांनी मुलाला खूण केली.

"बास," ते म्हणाले. "आता खाली न्या."